श्वासनलिकेतला माल्ट लिम्फोमा: अडीच वर्षे दमा समजल्या गेलेल्या आजाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ५८ वर्षांची महिला, धूम्रपान कधीच नाही. अडीच वर्षांपासून कोरडा खोकला, घरघर आणि जिना चढताना धाप. सुरुवातीलाच दम्याचे निदान झाले आणि स्टेरॉइड व दीर्घकाळ काम करणारे ब्रॉन्कोडायलेटर (श्वासनळ्या रुंद करणारे औषध) असे एकत्र औषध असलेला इन्हेलर सुरू झाला. फरक जेमतेम. त्रास वाढला की पाच ते सात दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या जात. त्यानंतर दोन-तीन आठवडे बरे जात आणि मग घरघर परत येई. छातीचा एक्स-रे दोनदा काढला, दोन्ही वेळा स्वच्छ.

स्टेरॉइडने बरे वाटते म्हणून दमाच, असा समज या काळात घट्ट होत गेला. पण लिम्फोमाच्या (लसिकापेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगाच्या) पेशीही स्टेरॉइडने मरतात आणि सूज उतरते. त्यामुळे गोळ्यांनी आलेला आराम दम्याच्या बाजूचा पुरावा धरता येत नाही. (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

संशय कशावरून आला

पुढे पाठवल्यावर नव्याने स्पायरोमेट्री (श्वासाची हवा मोजणारी चाचणी) झाली. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफईव्ही१, १.४२ लिटर आणि जोराने सोडलेली एकूण हवा, म्हणजे एफव्हीसी, २.३० लिटर, गुणोत्तर ६२ टक्के. ब्रॉन्कोडायलेटरनंतर वाढ फक्त ६० मिलिलिटर. एवढ्यावर कुणीही 'अडथळा आहे, औषधाला दाद नाही' असे लिहून पुढे गेले असते. पण श्वासाच्या वेगाच्या आलेखाचा आकार वेगळा होता. श्वास सोडतानाची आणि घेतानाची, दोन्ही वळणे माथ्यावर सपाट होती. लहान श्वासनळ्यांच्या आजारात सोडतानाची रेघ आत खचते. दोन्हीकडचा सपाटपणा मोठ्या नळीतल्या पक्क्या अडथळ्याकडे बोट दाखवतो.

पीक फ्लो, म्हणजे श्वास सोडण्याचा सर्वाधिक वेग, मिनिटाला ११८ लिटर होता. एफईव्ही१ मिलिलिटरमध्ये घेऊन त्याला पीक फ्लोने भागायचे, उत्तर १० च्या वर आले तर मोठ्या श्वासमार्गातल्या अडथळ्याचा संशय घ्यायचा, हा एम्पी यांनी १९७२ साली सांगितलेला हिशेब. इथे उत्तर १२ आले. हा भागाकार करायला कोणतेही नवे यंत्र लागत नाही, आणि दोन वर्षांपूर्वीच्या अहवालातले आकडे वापरले तरी उत्तर १० च्या वरच येत होते.

सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिकेच्या खालच्या तिसऱ्या भागाची भिंत सगळीकडून ५ ते ६ मिमी जाड आणि गाठीगाठींची दिसली. जाडी कॅरिनावरून (श्वासनलिका दोन शाखांत विभागते ती जागा) डाव्या मुख्य ब्रॉन्कसमध्ये, म्हणजे डाव्या शाखेत, उतरली होती. श्वासनलिकेचा मार्ग सर्वांत अरुंद जागी ७ मिमी, डाव्या ब्रॉन्कसचा ५ मिमी. श्वासनलिका साधारण ८ मिमीच्या खाली गेली की श्रम करताना धाप लागते आणि ५ मिमीच्या आसपास विश्रांतीतही आवाज येऊ लागतो, म्हणजे हातात फार अंतर उरले नव्हते. कॅरिनाखाली ११ मिमीची एक लसिकाग्रंथी होती. फुप्फुसाचा बाकी भाग मोकळा असल्यामुळेच एक्स-रे दोन्ही वेळा फसला.

या चित्रात मागची पडद्यासारखी भिंतही जाड होती, आणि तो तपशील महत्त्वाचा ठरला. रिलॅप्सिंग पॉलिकाँड्रायटिस आणि ट्रॅकिओब्रॉन्कोपॅथिया ऑस्टिओकाँड्रोप्लास्टिका हे दोन्ही आजार कूर्चेशी निगडित असल्याने मागची भिंत सहसा सोडतात. ती धरली गेली आहे म्हटल्यावर यादीत अमायलॉइडोसिस, क्षयरोग, ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, सार्कॉइडोसिस, आयजीजी४ संबंधित आजार, अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा आणि लिम्फोमा उरले. यातले काही संसर्ग, काही कर्करोग, काही दोन्ही नाहीत. नमुना घेतल्याशिवाय एकही औषध योग्य ठरले नसते.

पहिली बायोप्सी आणि तिच्यातली उणीव

पहिली ब्रॉन्कोस्कोपी लवचिक दुर्बिणीने, घशाला भूल देऊन झाली. श्लेष्मल पटलाखाली फिकट, गुळगुळीत, रुंद बुडाचे उंचवटे दिसले. चिमट्याने पाच तुकडे घेतले आणि पाचही फॉर्मेलिनमध्ये टाकले. अहवाल असा आला: 'चेंगरलेल्या लहान निळ्या पेशी, जुनाट दाह, स्मॉल सेल कार्सिनोमा नाकारता येत नाही.'

असे का होते? लिम्फोमाच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे काही नसते. चिमट्याचे जबडे मिटताच त्या चिरडतात आणि केंद्रकांचे नुसते निळे ओघळ उरतात. स्मॉल सेल कार्सिनोमाही नेमका असाच चिरडतो. शिवाय आजार पटलाच्या खाली आणि चिमटा वरचा थर ओरबाडतो. त्याच तुकड्यांवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींवरच्या खुणा रंगाने ओळखणारी तपासणी) केली तेव्हा सायटोकेराटिन आणि सिनॅप्टोफायसिन या स्मॉल सेल कार्सिनोमाच्या खुणा नकारात्मक, सीडी४५ ही पांढऱ्या रक्तपेशींची खूण सकारात्मक. म्हणजे पेशी लसिकापेशी आहेत एवढे पक्के झाले. पण दाहातल्या की लिम्फोमातल्या, हे सांगायला ऊतकाची रचना लागते आणि ती चिरडून गेली होती. फॉर्मेलिनमध्ये गेलेल्या तुकड्यांवर फ्लो सायटोमेट्री (सुट्या पेशींवरच्या खुणा मोजणारी चाचणी) करता येत नाही आणि जंतूंचे कल्चरही होत नाही.

निर्णयाचा पहिला टप्पा: स्टेरॉइड द्यायचे की थांबायचे

डाव्या बाजूचा श्वास मंदावत होता. प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ सुरू करावे आणि आठवड्याने बघावे, असे मत चर्चेत पुढे आले. मत चुकीचे म्हणता येणार नाही. श्वासमार्ग बंद पडत असेल तर जीव वाचवण्यापुढे निदान दुय्यम. पण रुग्ण विश्रांतीत आरामात बोलत होती, ऑक्सिजन पातळी ९६ टक्के होती, स्ट्रायडॉर (श्वास घेताना येणारा कर्कश आवाज) नव्हता. अशा वेळी स्टेरॉइड दिले असते तर पेशी विरळ झाल्या असत्या आणि पुढचा नमुना पुन्हा 'जुनाट दाह' म्हणून परत आला असता. क्षयरोगही अजून नाकारलेला नव्हता.

इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळले जात होते. श्वासमार्गाला घाई होती. लिम्फोमा असलाच तर त्याला घाई असण्याची शक्यता कमी होती, कारण अडीच वर्षांत वजन घटले नव्हते, ताप नव्हता, रात्रीचा घामही नव्हता. ठरले असे की स्टेरॉइड थांबवून ठेवायचे, रुग्णाला दाखल करून लक्षाखाली ठेवायचे आणि मार्ग मोकळा करणे व पुरेसा नमुना घेणे ही दोन्ही कामे एकाच भुलीत, रिजिड ब्रॉन्कोस्कोपीने (न वाकणाऱ्या, सरळ नळीच्या दुर्बिणीने) उरकायची. स्ट्रायडॉर आला किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली गेला तर मात्र वाट न पाहता स्टेरॉइड द्यायचे, हेही केसपेपरवर आधीच लिहून ठेवले.

दुसरी ब्रॉन्कोस्कोपी

अरुंद श्वासनलिकेच्या रुग्णाला भूल देताना सर्वांत धोक्याचा क्षण स्नायू शिथिल करण्याचा. रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबला आणि बाहेरून हवा ढकलता आली नाही तर हाताशी काही उरत नाही. म्हणून शिरेतून हळूहळू भूल, श्वास चालू ठेवून, आणि रिजिड नळी स्वरयंत्राच्या पुढे सरकून हवा जाते आहे याची खात्री झाल्यावरच शिथिलक. भूल देताना उलटी टाळण्यासाठी डेक्सामेथासोन सवयीने दिले जाते. ते नमुने घेऊन होईपर्यंत देऊ नये, असे भूलतज्ज्ञांशी आधी बोलून ठेवले. एका मात्रेने त्या तासाभरात पेशी नाहीशा झाल्या नसत्या. पण नमुना अपुरा पडून आठवड्यात तिसऱ्यांदा यावे लागले असते तर त्या मात्रेचे सावट त्यावर राहिले असते.

क्रम कटाक्षाने पाळला: आधी नमुने, मग उष्णतेची उपकरणे. इलेक्ट्रोकॉटरी किंवा आर्गॉन प्लाझ्मा लागलेले ऊतक भाजते आणि पॅथॉलॉजिस्टच्या काही उपयोगाचे राहत नाही. १.९ मिमीच्या क्रायोप्रोबने (टोकाशी ऊतक गोठवणाऱ्या सळईने) प्रत्येक वेळी सुमारे ५ सेकंद गोठवून सात तुकडे काढले. प्रोबला चिकटलेला तुकडा चिमट्याने ओढायचा नसतो. सलाइनमध्ये बुडवला की तो आपोआप वितळून सुटतो. कोरड्या गॉजवरही ठेवायचा नसतो, कडा वाळून पेशी आक्रसतात. चार तुकडे १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, दोन आरपीएमआय या पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रवात घालून त्याच दुपारी फ्लो सायटोमेट्रीसाठी, एक निर्जंतुक सलाइनमध्ये क्षयरोगाच्या जनुकीय चाचणीसाठी आणि कल्चरसाठी. फॉर्मवर 'लिम्फोमाचा संशय, पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत स्टेरॉइड' असे स्पष्ट लिहिले. ही एक ओळ पॅथॉलॉजिस्टला किती उपयोगी पडते याची कल्पना पाठवणाऱ्यांना क्वचितच असते.

रक्तस्राव झाला, पण थंड सलाइन आणि पातळ केलेल्या अॅड्रेनलिनने थांबला. मग डाव्या ब्रॉन्कसमधले उंचवटे रिजिड नळीच्या कडेने खरवडून काढले आणि बुडाला आर्गॉन प्लाझ्मा दिला. त्या वेळी ऑक्सिजनचे प्रमाण ४० टक्क्यांखाली आणले होते, नाहीतर श्वासमार्गातच आग लागण्याचा धोका असतो. ब्रॉन्कस ५ वरून ९ मिमी झाला.

स्टेंट (मार्ग उघडा ठेवणारी नळी) बसवायचा का, हा प्रश्न टेबलावरच आला. टाळला. लिम्फोमा उपचाराने झपाट्याने ओसरतो. मग सैल झालेला स्टेंट सरकतो, त्याच्या टोकाशी ग्रॅन्युलेशन (मांसल ऊतक) वाढते, आणि जाळीचा धातूचा स्टेंट काही महिन्यांनी काढणे फार अवघड जाते. गरज पडलीच असती तर काढता येणारा सिलिकॉनचा स्टेंट निवडला असता.

निदान

तुकड्यांत फिकट पेशीद्रव्याच्या लहान ते मध्यम लसिकापेशींचे थर होते, मधूनमधून प्लाझ्मा पेशी, आणि ब्रॉन्कसच्या ग्रंथींमध्ये घुसून त्यांचे अस्तर उद्ध्वस्त करणारे पेशींचे पुंजके. सायटोकेराटिनच्या रंगाने ही घुसखोरी उठून दिसली. सीडी२० आणि सीडी७९ए (बी-पेशी या प्रकारच्या लसिकापेशींच्या खुणा) आणि बीसीएल२ सकारात्मक. सीडी५, सीडी१०, सीडी२३ आणि सायक्लिन डी१ नकारात्मक, त्यामुळे मँटल सेल, फॉलिक्युलर आणि स्मॉल लिम्फोसायटिक हे लिम्फोमाचे इतर प्रकार बाजूला पडले. केआय-६७, म्हणजे विभाजन होत असलेल्या पेशींचे प्रमाण, सुमारे ८ टक्के. फ्लो सायटोमेट्रीत सगळ्या बी-पेशी एकाच (कॅपा) प्रकारच्या प्रतिपिंड-साखळीच्या, म्हणजे एकाच कुळातल्या. काँगो रेड (अमायलॉइडोसिस ओळखणारा रंग) नकारात्मक, क्षयरोगाची चाचणी नकारात्मक.

निदान: एक्स्ट्रानोडल मार्जिनल झोन लिम्फोमा, म्हणजे श्लेष्मल पटलाशी निगडित लसिका-ऊतकातून उद्भवणारा माल्ट लिम्फोमा. हा प्रकार आयझॅकसन आणि राइट यांनी १९८३ मध्ये प्रथम मांडला. फुप्फुसात सुरू होणाऱ्या लिम्फोमांत हाच सर्वाधिक आढळतो, मात्र असे लिम्फोमा फुप्फुसाच्या सगळ्या कर्करोगांत १ टक्क्याहून कमी. त्यातही केवळ मोठ्या श्वासमार्गापुरता असणे आणखी विरळ.

एमएएलटी१ जनुकाची फिश चाचणी (गुणसूत्रांतले बदल दाखवणारी) नकारात्मक आली आणि त्यावरून थोडा गोंधळ झाला. फुप्फुसाच्या माल्ट लिम्फोमात ११ आणि १८ या गुणसूत्रांमधली अदलाबदल साधारण निम्म्या रुग्णांतच सापडते. ती नसल्याने निदान डळमळत नाही. उलट बाजूनेही सावध राहावे लागते. शोग्रेन आजारात (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रुग्रंथींवर हल्ला करते) निरुपद्रवी दाहातही एकाच कुळातल्या बी-पेशी सापडू शकतात. म्हणून निदान उभे राहिले ते रचना, अस्तराचा नाश आणि पेशींचे रंग या सगळ्यांच्या एकत्रित बळावर.

शोग्रेनचा धागा निदानानंतर हाती लागला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते का, रात्री पाणी प्यायला उठावे लागते का, हे विचारल्यावर दोन्हीला 'हो, कित्येक वर्षे' असे उत्तर आले. अँटी-रो प्रतिपिंडे सकारात्मक, अश्रूंचे प्रमाण मोजणारी शिर्मर चाचणी ५ मिनिटांत ३ मिमी. २०१६ च्या वर्गीकरणात पहिल्याचे ३ आणि दुसऱ्याचा १ असे ४ गुण होतात, आणि शोग्रेन म्हणायला ४ पुरतात.

आजार कुठवर पसरला आहे

पेट-सीटीत (सक्रिय पेशी चमकवून दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) श्वासनलिका आणि डावा ब्रॉन्कस चमकले. कॅरिनाखालची गाठ चमकली नाही. अस्थिमज्जा स्वच्छ. माल्ट लिम्फोमा जठरात वारंवार आढळतो म्हणून गॅस्ट्रोस्कोपी केली, तीही स्वच्छ. एलडीएच (लिम्फोमा जोरात असला की रक्तात वाढू शकणारे एन्झाइम) सामान्य. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी नकारात्मक. हिपॅटायटिस बी चे एचबीएसएजी नकारात्मक, पण कोअर प्रतिपिंड सकारात्मक, म्हणजे संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेलेला. विषाणूचा डीएनए सापडला नाही.

एक गोष्ट अडकली. दोन्ही पॅरोटिड ग्रंथींत (कानांजवळच्या लाळग्रंथींत) मंद, सारखी चमक होती. शोग्रेनमुळे अशी चमक येते. पॅरोटिडमधल्या माल्ट लिम्फोमामुळेही येते. सोनोग्राफीत वेगळी गाठ दिसली नाही, म्हणून बायोप्सी केली नाही. टप्पा आयई, म्हणजे लसिकाग्रंथींबाहेर एकाच जागी असलेला आजार, असा धरला, पण मनात शंका ठेवून.

उपचाराचे पर्याय

नुसते निरीक्षण हा माल्ट लिम्फोमात मान्य मार्ग आहे, लक्षणे नसतील तेव्हा. इथे श्वासमार्गच धोक्यात होता. शस्त्रक्रियेने श्वासनलिका, कॅरिना आणि ब्रॉन्कस इतकी लांबी काढणे जोखमीचे, आणि औषधाला व किरणांना इतका चांगला प्रतिसाद देणाऱ्या आजारासाठी ते अवाजवी.

खरी निवड दोघांत होती. पहिला पर्याय किरणोपचार: २४ ग्रे (किरणमात्रेचे एकक), १२ भागांत. या लिम्फोमांत २४ ग्रेने ४ ग्रेपेक्षा स्थानिक नियंत्रण सरस राहते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फोर्ट चाचणीने दाखवले. एकाच जागी असलेल्या आजारासाठी हाच पहिला पर्याय मानला जातो. दुसरा रिटुक्सिमॅब, बी-पेशींवरच्या सीडी२० ला चिकटून त्यांना मारणारे औषध, आठवड्याला एक असे चार डोस. त्यात क्लोरॅम्ब्युसिल हे केमोथेरपीचे औषध जोडले तर आजार जास्त काळ दबून राहतो, पण एकूण आयुर्मानात फरक पडत नाही, असे आयईएलएसजी-१९ चाचणीत दिसले. बेंडामस्टिन (दुसरे केमोथेरपीचे औषध) आणि रिटुक्सिमॅब प्रभावी, पण संसर्गाचा धोका लांबतो. एवढ्या मर्यादित आजारासाठी ते राखून ठेवणे बरे वाटले.

कल रिटुक्सिमॅबकडे गेला. पॅरोटिडची शंका असल्याने संपूर्ण शरीरात पोहोचणारे औषध हवे होते, आणि नुकत्याच खरवडलेल्या भिंतीवर किरणांची सूज नको होती. किरणोपचार हाताशी राहिले.

उपचार

रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी च्या विषाणूला दाबणारे एन्टेकॅव्हिर ०.५ मिग्रॅ रोज, रिकाम्या पोटी, सुरू केले. कोअर प्रतिपिंड सकारात्मक असताना ते न देता रिटुक्सिमॅब दिले तर झोपलेला विषाणू उठून यकृत निकामी करू शकतो, आणि हे शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही घडते. म्हणून एन्टेकॅव्हिर शेवटच्या डोसनंतर किमान १२ महिने चालू ठेवायचे असते. इथे १८ महिने दिले. न्यूमोकॉकल आणि फ्लूची लस पहिल्या डोसच्या चार आठवडे आधी दिली, कारण नंतर बी-पेशीच नसल्याने लशीचा परिणाम होत नाही. तोपर्यंत मोकळा केलेला मार्ग टिकला.

शरीराचे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर, मात्रा दर चौरस मीटरला ३७५ मिग्रॅ, म्हणजे ६०० मिग्रॅ. पहिला डोस एरवी ताशी ५० मिग्रॅने सुरू होतो. इथे श्वासमार्ग पाहून २५ ने सुरू केला. ताशी १०० वर जाताच खोकला आणि घरघर आली. थेंब थांबवले, नेब्युलायझर आणि हायड्रोकॉर्टिसोन दिले, अर्ध्या तासाने ५० वर परत सुरू केले आणि डोस पूर्ण झाला. पुढचे तिन्ही डोस विनातक्रार.

परिणाम

बारा आठवड्यांनी भिंतीची जाडी ३ मिमीवर आली, धाप गेली. पण डाव्या ब्रॉन्कसच्या तोंडाशी दोन उंचवटे शिल्लक होते. त्यांची बायोप्सी घेतली तेव्हा सीडी२० नकारात्मक. इथे 'आजार गेला' असे वाचण्याची चूक सहज होते. रिटुक्सिमॅबनंतर उरलेल्या लिम्फोमा पेशींवर सीडी२० दिसेनासे होऊ शकते. सीडी७९ए आणि पीएएक्स५ या बी-पेशींच्या दुसऱ्या खुणांचे रंग केल्यावर आजार शिल्लक असल्याचे कळले.

त्यावर २४ ग्रे किरणोपचार, १२ भागांत दिले. दुसऱ्या आठवड्यात गिळताना जळजळ झाली, ती तीन आठवड्यांत गेली. सहा महिन्यांनी ब्रॉन्कोस्कोपी आणि बायोप्सी स्वच्छ. एफईव्ही१ २.०५ लिटर, पीक फ्लो ३१०. तोच भागाकार आता ६.६. इन्हेलर टप्प्याटप्प्याने बंद झाले. डाव्या ब्रॉन्कसवर व्रणाची एक पातळ कड राहिली आहे, ८ मिमीवर स्थिर. शोग्रेनमुळे कोरडा खोकला अधूनमधून येतो. तीन वर्षांच्या पाठपुराव्यात आजार परतलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

निदानाला लागलेल्या अडीच वर्षांपैकी बहुतेक काळ वाचला असता. औषधाला दाद न देणाऱ्या दम्यात आलेखाचा आकार पाहणे आणि कोरड्या डोळ्यांबद्दल एक प्रश्न विचारणे, एवढे पुरेसे होते. पहिल्या ब्रॉन्कोस्कोपीत सीटी समोर असतानाही सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये गेले. त्यातला एक जरी सलाइनमध्ये गेला असता तर क्षयरोगाचा प्रश्न तेव्हाच सुटला असता.

आधी किरणोपचार केले असते तर कदाचित रिटुक्सिमॅबची आणि जवळजवळ दोन वर्षांच्या एन्टेकॅव्हिरची गरज पडली नसती. या मुद्द्यावर अनुभवी तज्ज्ञांतही एकमत होणार नाही, आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. पण हा वाद पॅरोटिडच्या एका सुईने मिटला असता. सोनोग्राफीच्या मदतीने कोअर बायोप्सी रिटुक्सिमॅबच्या आधी घ्यायला हवी होती. ती नकारात्मक आली असती तर किरणोपचार निःशंकपणे पहिले ठरले असते. सकारात्मक आली असती तर औषधाची निवड पक्क्या पायावर झाली असती. रिटुक्सिमॅबनंतर पॅरोटिडची चमक ओसरली आणि ती कशाची होती हे आता कोणत्याही चाचणीने ठरवता येत नाही. म्हणून दर वर्षी पॅरोटिडची सोनोग्राफी, दर सहा महिन्यांनी एलडीएच, इम्युनोग्लोब्युलिनची पातळी आणि स्पायरोमेट्री चालू आहे. एखादी गाठ वेगाने वाढली किंवा एलडीएच चढले, तर मोठ्या पेशींच्या लिम्फोमात रूपांतर झाले का हे पाहण्यासाठी, स्टेरॉइडची एकही गोळी देण्याआधी, नवा नमुना घ्यायचा असे केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहे.